चित्रगोधडी आणि स्मृतिभ्रंशाचे संशोधन

अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहणाऱ्या आणि गोधडीकलेच्या शिक्षिका व लेखिका म्हणून त्या देशात सुपरिचित असलेल्या एमी सिम्स यांच्या आईला अल्झायमरचा विकार जडला, तेव्हा सुई हेच ज्यांचे आयुष्यभराचे साधन आणि देशभर विखुरलेला गोधडी शिवणारा स्त्रीवर्ग हाच ज्यांचा गणगोत, अशा या बाईंनी २००६ च्या जानेवारीत ‘अल्झायमर्स आर्ट क्विल्ट इनिशिएटिव्ह’ या नावाचा एक उपक्रम आरंभिला. लोकांनी लहान आकाराच्या चित्रगोधड्या शिवून दान द्याव्यात, उपक्रमाने त्यांची रीतसर नोंद करून त्यांतील काही ठरलेल्या किमतीस व काही लिलावाने विकाव्यात, आणि जमा होणारी रक्कम या विकाराच्या संशोधनास द्यावी, एवढीच त्यामागील कल्पना होती. २०१३ च्या अखेरीस उपक्रम थांबविण्यात आला तोपर्यंत दहा लाख डॉलरहून अधिक निधी या मार्गाने उभा राहिला होता, आणि तो उभा करणारी माणसे स्वयंसेवक होती. असे काही आपल्या गावी, आपल्या महिला मंडळात अथवा परदेशातील मराठी मंडळात करावे, अशी इच्छा ज्यांच्या मनात उत्पन्न होईल, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या उपक्रमातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय कोणता, असे मला कोणी विचारले तर मी आकाराचा, असे उत्तर देईन. दान येणारी गोधडी ९ इंच रुंद व १२ इंच उंच यांहून मोठी असू नये, असा दंडक होता. आणि त्याचे कारण कलेतले नसून टपालातले होते, कारण अमेरिकन टपालखात्याच्या ‘प्रायॉरिटी मेल’ सेवेचे जे पुठ्ठ्याचे पाकीट मिळते, त्यात एवढीच वस्तू न दुमडता सपाट मावते. वरवर पाहता ही सोय क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यामुळे किती गोष्टी एकदम शक्य झाल्या ते ध्यानी घ्यावे. पलंगावर पसरण्याजोगी गोधडी शिवण्यास महिनोन्‌महिने लागतात आणि ती दान देण्याचा धीर थोड्यांनाच होतो. या उलट कागदाच्या एका तावाएवढी गोधडी चार संध्याकाळच्या अवकाशात पुरी होते, नवशिकी बाई तिला भीत नाही, मुरलेल्या हाताच्या बाईला तीत एखादा धाडसी प्रयोग करून पाहता येतो, विकत घेणाराला ती परवडते व घराच्या भिंतीवर कोठेही सामावते, आणि गोळा करणाराला शेकडो गोधड्या एका कपाटात ठेवता येतात. घरात अल्झायमरचा रुग्ण असलेल्या माणसाला सलग वेळ मिळत नाही, पंधरा मिनिटे मिळतात आणि मध्येच उठावे लागते; अशा तुटक वेळात लहान कापड हातात घेता येते व खाली ठेवता येते, हा लाभ तर मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्यांना या कार्याची तळमळ अधिक त्यांनाच अन्य कार्यास सवड सर्वांत कमी असते.

म्हणून आपण उपक्रम योजाल तेव्हा प्रथम कापड काढू नये, पाकीट काढावे. आपल्या भागात टपालाने अथवा कुरिअरने जे बळकट पुठ्ठ्याचे पाकीट सहज उपलब्ध आहे, त्यात कोणत्या मापाची वस्तू दुमडल्यावाचून जाते हे मोजून मगच कमाल आकार जाहीर करावा. आणि एकदा जाहीर केल्यावर, कितीही सुंदर गोधडी आली तरी, अर्ध्या इंचाचीही सवलत देऊ नये. लहान मापाची गोधडी चालेल. मोठी चालणार नाही. एका अपवादाने पाठवणीची, मांडणीची आणि किमतीची सारी घडी विसकटते, आणि ज्यांनी नियम पाळला त्यांच्यावर अन्यायही होतो.

आता निधी कशासाठी, याचा विचार. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत एका मध्यमवयीन स्त्रीच्या मेंदूचे जे वर्णन सादर केले, त्यात पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता, या दोन खुणा त्यांनी नोंदविल्या होत्या. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. ते थर बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि तो गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे कळावयास त्यानंतर बराच काळ गेला. आणि हे बदल विस्मरणाची लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून मेंदूत घडू लागतात, हे तर अलीकडचे ज्ञान आहे. औषधांचा इतिहास याहून खडतर. २००३ साली मेमँटीन या औषधास अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि त्यानंतर २०२१ पर्यंत एकाही नव्या औषधद्रव्याला त्या देशात या विकारासाठी मंजुरी मिळाली नाही. म्हणजे एमी सिम्स यांचा उपक्रम आदिपासून अंतापर्यंत या कोरड्या कालखंडातच चालला. २०२३ साली पूर्ण मंजुरी मिळालेले लेकानेमॅब आणि २०२४ साली मंजूर झालेले डोनानेमॅब ही औषधे अगदी प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णाचा ऱ्हास काही अंशी मंदावतात. गेलेली स्मृती परत आणणारे औषध अद्याप नाही. भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि अल्झायमर हा त्या स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार होय.

गोधड्या विकून जमलेल्या रकमेने औषध निर्माण होईल, असे कोणी समजू नये, आणि ग्राहकालाही तसे कधी सांगू नये. अशा निधीचे योग्य स्थान निराळे आहे. तरुण संशोधकाच्या मनात एखादी नवी शंका अथवा कल्पना आलेली असते. सरकारी अनुदानासाठी अर्ज करावयाचा तर आरंभीचा काही पुरावा जवळ हवा, आणि पुरावा मिळविण्यासाठी पैसा हवा. या अडचणीच्या जागी लहान देणगी पुष्कळ काम करून जाते. म्हणून ज्या संस्थेस रक्कम द्यावयाची, तिला आधीच पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: ही रक्कम केवळ संशोधनाच्याच खाती जमा होईल काय, त्यातून व्यवस्थापनखर्च किती वजा होईल, आणि विनियोगाचा लेखी अहवाल कधी मिळेल. सेवा आणि संशोधन यांत गल्लत करू नये. १९९२ साली केरळात स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्या आधारासाठी, काळजीकेंद्रांसाठी आणि लोकजागृतीसाठी ओळखली जाते. तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू-संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्याच्या ग्रामीण लोकवस्तीतील वयोवृद्धांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. दोन्ही कार्ये थोर आहेत. पण ‘संशोधनासाठी’ म्हणून विकलेल्या गोधडीचा पैसा सेवेकडे वळविला, तर उद्देश कितीही चांगला असला तरी तो ग्राहकाशी केलेल्या कराराचा भंग होतो. अमेरिकेत वास्तव्य असलेल्या मराठी मंडळींपुढे १९८० साली स्थापन झालेली अल्झायमर्स असोसिएशन आहे, जी संशोधनास अनुदाने देते. आणि परदेशात जमलेला निधी भारतातील संस्थेस द्यावयाचा असल्यास त्या संस्थेकडे परकीय देणगी स्वीकारण्याचा सरकारी परवाना असल्याची खातरजमा अगोदर करावी, तो परवाना नसेल तर ज्या देशात निधी जमला तेथेच तो द्यावा.

येथपर्यंतचे काम कागदावरचे. आता कापडाकडे येऊ.

कापड सुती घ्यावे, आणि नवे असो वा जुने, प्रथम गरम पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच त्यास कात्री लावावी. हातमागाच्या इरकलीचा अथवा खणाचा रंग आवडतो म्हणून तो घ्यावयाचा तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर तो तुकडा घासून पाहावा. फडके रंगले तर तो पुन्हा धुवावा, आणि तरीही रंग सुटत राहिला तर ममता सोडून तो बाजूस ठेवावा, कारण पुढे ग्राहकाच्या घरी दमट हवेत तो रंग शेजारच्या फिकट कापडात उतरल्यावाचून राहत नाही. जुन्या लुगड्याचे कापड मऊ, देखणे आणि सुईला अत्यंत सुखाचे असते, परंतु ते घडीच्या रेषेवर विरलेले असते. प्रकाशासमोर धरून जेथे धागे विरळ दिसतील तो भाग वगळावा. रेशीम व जरीचा काठ वापरावयाचा तर त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ बकरम लावून घ्यावे, नाहीतर कडा उसवत जातात. आणि जरीवर इस्त्री थेट न फिरविता मध्ये सुती फडके घालावे.

गोधडी म्हणजे तीन थर: दर्शनी कापड, मधले भरण आणि अस्तर. आपल्याकडील आजीच्या गोधडीत भरण म्हणजे जुन्याच धोतरलुगड्यांचे थर असत, आणि या लहान कामासही तोच मार्ग उत्तम, कारण बाजारात मिळणारे फुगीर कृत्रिम भरण एवढ्याशा आकारात कडा सुजवते आणि गोधडी भिंतीवर सपाट बसत नाही. फ्लॅनेलचा एक थर अथवा मऊ धोतराचे दोन थर पुरे होतात. अस्तरास धुऊन खळ घालविलेला मांजरपाट चांगला. कमाल माप ९ बाय १२ इंच धरल्यास दर्शनी भाग १० बाय १३ इंचांचा तयार करावा, भरण व अस्तर त्याहून एकेक इंच मोठे ठेवावे, आणि तिन्ही थर एकमेकांवर पसरून लांब कच्च्या टाक्यांनी नीट टाचून घ्यावेत. ही टाचणी आळसाने चुकविली की पुढे अस्तराला चुण्या पडतात, आणि त्या मग उसवल्यावाचून निघत नाहीत.

शिवण हाताची असो वा यंत्राची, तिला मध्यापासून आरंभ करून कडेकडे जावे, म्हणजे सैल कापड बाहेर सरकत जाते. हाताने शिवणाऱ्यांनी आखूड सुई, सुती दोरा आणि बोटावर अंगुस्तान घेऊन धावदोरा घालावा, आणि गाठ दिसू न देता ती हलक्या झटक्याने थरांच्या आत ओढून घ्यावी. टाके अतिसूक्ष्म असण्याची गरज नाही, परंतु साऱ्या पृष्ठभागावर त्यांची दाटी सारखी असावी. एका कोपऱ्यात दाट आणि दुसऱ्यात विरळ टाके पडले की गोधडीला बाक येतो, आणि मग ती कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. टाक्यांमुळे कापड थोडे आक्रसते, हेच आरंभी माप वाढवून घेण्याचे कारण. शिवण पुरी झाल्यावर गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात कापावेत आणि अंतिम माप जाहीर मापाहून पाव इंच कमीच ठेवावे, कारण किनारीच्या गोटाने थोडी जाडी वाढते. गोटासाठी सव्वादोन इंच रुंदीची सरळ पट्टी दुहेरी दुमडून लावावी. कडा सरळ असल्याने उरेब पट्टीची आवश्यकता नाही. गोधडीचा परीघ ४१ इंच भरतो, कोपऱ्यांच्या दुमडीसाठी व जोडासाठी आणखी दहा इंच धरावेत. गोट पुढून शिवून मागे वळवावा व अस्तरावर हेम घालून पक्का करावा. वरच्या कडेस मागील बाजूने दोन इंच रुंदीची एक नळी शिवावी, म्हणजे ग्राहकाला बारीक काठी घालून गोधडी टांगता येते.

ज्यांना गोटाचा जाच वाटतो त्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी नावाची गोधडी अवश्य पाहावी. गोव्यातून त्या अरण्यप्रदेशात गेलेल्या आफ्रिकी वंशाच्या या समाजातील स्त्रिया मध्यापासून न शिवता कडेपासून आरंभ करतात. एकेक चिंधी कडा दुमडून अस्तरावर ठेवीत, धावदोऱ्याने ती धरीत, चौफेर फिरत आत आत जातात आणि मध्यभागी शिवण संपवितात, त्यामुळे निराळी किनार लावावीच लागत नाही. चार कोपऱ्यांवर त्या ‘फुला’ नावाचे लहान दुमडलेले त्रिकोण लावतात, आणि ते लावल्यावाचून गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत. लहान चित्रगोधडीस ही रीत इतकी अनुरूप आहे की नवशिक्यांच्या वर्गात मी आधी हीच शिकवावी असे म्हणेन. मात्र अशी गोधडी विकताना ती कोणत्या समाजाच्या रीतीने केली आहे, हे मागील पट्टीवर स्पष्ट लिहिले पाहिजे.

विषयाच्या निवडीकडे आता अधिक सावकाश पाहिले पाहिजे, कारण कारागिरीतली उणीव ग्राहक क्षमा करतो, विषयातली कृत्रिमता करीत नाही. एमी सिम्स यांनी २००६ सालीच ५२ गोधड्यांचे एक फिरते प्रदर्शन सिद्ध केले होते. त्यातील गोधड्या या विकाराच्या अनुभवावरच केलेल्या होत्या, आणि ते प्रदर्शन पुढे काही वर्षे अमेरिकेत गावोगाव फिरले. विक्रीसाठी येणाऱ्या लहान गोधड्यांवर मात्र विषयाचे असे बंधन नव्हते: कोणी पाखरू काढावे, कोणी केवळ रंगांचे पट्टे जुळवावेत. ही विभागणी मला फार मार्मिक वाटते. दुःख सांगणारी गोधडी लोक थबकून पाहतात, रडतात, आणि पुष्कळदा भिंतीवर लावण्यासाठी नेत नाहीत. तिचे काम लोकजागृतीचे आहे, आणि तिला प्रदर्शनात सन्मानाचे स्थान द्यावे. जी विकावयाची ती मात्र अशी असावी की तिच्यामागील सत्कार्य ठाऊक नसलेल्या माणसालाही ती विकत घ्यावीशी वाटावी. दयेपोटी घेतलेली वस्तू माणूस एकदाच घेतो.

नऊ इंचांच्या चौकटीत एकच गोष्ट मावते. समईच्या जागी समईची एक वात, झाडाच्या जागी एक पान, घराच्या जागी एक कोनाडा, असे संकोचून घेतले की लहान आकार मोठा दिसू लागतो. विस्मरणाचाच विषय घ्यावयाचा असेल तर प्रश्नचिन्हे आणि तुटलेला मेंदू यांची चित्रे टाळावीत. ती सर्वांना सुचतात. ठिपक्यांच्या रांगोळीतील एका बाजूच्या रेषा जुळलेल्या आणि दुसऱ्या बाजूस नुसते ठिपके. झब्ब्याच्या गुंड्या एकेका काजाने चुकलेल्या. आईच्या हस्ताक्षरातील लोणच्याच्या मसाल्याची यादी, जिच्यातील शेवटच्या ओळींचा दोरा कापडाच्याच रंगाचा होत गेला आहे: ज्याने रुग्णाशेजारी दिवस काढले आहेत त्याला अशा गोष्टी शोधाव्या लागत नाहीत. हस्ताक्षर उतरविताना मूळ कागदाला हात न लावता पातळ कागदावर ते गिरवून घ्यावे, तो कागद कापडावर टाचून अक्षरांवरून बारीक टाके घालावेत आणि मागाहून कागद हलकेच फाडून काढावा.

येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. रुग्ण हयात असेपर्यंत त्याचे वापरातले वस्त्र कापू नये. ज्या बाईला आज आपल्या मुलीचे नाव आठवत नाही, तिला आपली जांभळी साडी आठवू शकते, ती तिला कपाटात शोधू शकते, आणि ती न सापडल्याने जी कासाविशी तिच्या जिवाला होईल तिची भरपाई कोणत्याही निधीने होणार नाही. त्याचप्रमाणे रुग्णाचा चेहरा, पूर्ण नाव अथवा त्याच्या अवस्थेचा तपशील गोधडीवर वा तिच्या परिचयात घालू नये. आपले दुःख प्रकट करण्याचा अधिकार आपणास आहे, दुसऱ्याची लाज उघड करण्याचा नाही. आरंभीच्या अवस्थेतील रुग्ण स्वतः हौसेने सहभागी होऊ इच्छित असतील तर त्यांना अवश्य सोबत घ्यावे: चिंध्यांची रंगवार वर्गवारी करणे, दोन रंगांतून एक निवडणे, मोठ्या नेढ्याच्या सुईने सरळ धावदोरा घालणे ही कामे पुष्कळांना दीर्घकाळ साधतात. बैठकीच्या आधी व नंतर सुया आणि टाचण्या मात्र मोजून ठेवाव्यात, आणि कात्री काम संपताच आत ठेवावी. ‘रुग्णाने शिवलेली’ अशी जाहिरात करून किंमत वाढवू नये.

चित्राच्या बाबतीत कायद्याचीही एक मर्यादा आहे. कोण्या चित्रकाराचे चित्र, दिनदर्शिकेवरील देवतेची छबी, व्यंगचित्रातील पात्र अथवा छापील पुस्तकातील नक्षी उतरवून काढून ती विकणे हे, कार्य कितीही परोपकारी असले तरी, मूळ कलावंताच्या स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरू शकते. आपल्या अंगणातील जास्वंद काढावी.

प्रत्येक गोधडीच्या मागे कापडाची एक लहान पट्टी शिवावी आणि तीवर न पुसणाऱ्या शाईने गोधडीचे नाव, शिवणाऱ्याचे नाव व गाव, वर्ष, आणि नोंदवहीतील क्रमांक लिहावा. हा क्रमांक म्हणजे साऱ्या व्यवहाराचा कणा होय. नोंदवहीत क्रमांकासमोर गोधडी आल्याची तारीख, माप, विक्रीची तारीख, मिळालेली रक्कम, पावती क्रमांक आणि संशोधन संस्थेकडे भरणा केल्याची तारीख असे रकाने असावेत, आणि कोणीही मागितली तर ती वही दाखविण्यास कचरू नये. दान स्वीकारताना शिवणाऱ्याकडून चार ओळींचे दानपत्र घ्यावे: गोधडी परत मिळणार नाही, किंमत ठरविण्याचा अधिकार उपक्रमाचा राहील, तिचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास संमती आहे, आणि चित्र स्वतःच्या कल्पनेचे आहे. मागाहून उद्भवणारे बहुतेक तंटे या चार ओळींनी मिटतात.

पैशाविषयी माझा आग्रह असा की विक्रीची संपूर्ण रक्कम संशोधनास जावी. कापडदोऱ्याचा खर्च शिवणाराने, पाठवणीचा खर्च घेणाराने आणि सभागृहाच्या भाड्याचा, पाकिटांचा, छपाईचा खर्च त्याच कारणासाठी निराळी देणगी देणाऱ्या एखाद्या गृहस्थाने सोसावा, आणि तसे प्रारंभीच जाहीर करावे. बँकेतील खाते दोन सह्यांचे असावे. महाराष्ट्रात लोकांकडून धर्मादाय कारणासाठी रक्कम गोळा करावयाची म्हणजे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा दृष्टीआड करून चालणार नाही. म्हणून नवा न्यास काढण्याच्या खटाटोपात न पडता धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेच्या छत्राखाली हे काम करावे, आणि हिशेब तिच्या हिशेबतपासनिसाकडून तपासून घ्यावा. ग्राहकाला प्राप्तिकरातील सवलतीचे आश्वासन देण्याआधीही त्याच तपासनिसाचा सल्ला घ्यावा, कारण वस्तू घेऊन दिलेले मोल आणि निव्वळ देणगी यांत कायदा भेद करतो.

किंमत ठरविताना श्रमाचे तास मोजू नयेत; तसे केल्यास एकही गोधडी विकली जाणार नाही. नवख्या हाताच्या पण नीटनेटक्या गोधड्यांना एक समान, सहज परवडणारी किंमत ठेवावी, आणि ज्यांत कल्पनेची वा कारागिरीची असामान्य चमक आहे अशा मोजक्याच लिलावासाठी राखाव्यात. लिलावाची मुदत लहान व ठराविक असावी, आठ-दहा दिवसांची; मुदत लांबली की चुरस ओसरते. छायाचित्र दिवसाच्या प्रकाशात, खिडकीजवळ, सपाट पृष्ठभागावर समोरून काढावे आणि मागील बाजूचेही एक काढावे. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दसरा-दिवाळीच्या भेटींची खरेदी सुरू होते. या दोहोंच्या मधला काळ विक्रीस अनुकूल आहे. उत्तर अमेरिकेतील वाचकांसाठी १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची द्वैवार्षिक अधिवेशने ही स्वाभाविक जागा होय. टेबलापाशी बसणाऱ्या व्यक्तीला या विकाराची प्राथमिक माहिती अवश्य असावी, कारण गोधडी पाहण्यास आलेल्यांपैकी अनेक जण आपल्या घरातील गोष्ट हलक्या आवाजात सांगू लागतात. त्यांचे ऐकून घ्यावे, औषध सुचवू नये, आणि जवळच्या स्मृतिचिकित्सा केंद्राचा पत्ता छापून जवळ ठेवलेला असावा.

पाठवताना गोधडी प्रथम पारदर्शक पिशवीत घालावी, तिच्या दोन्ही अंगांस कडक पुठ्ठा लावावा, आणि सोबत शिवणाऱ्याचे दोन ओळींचे पत्र द्यावे. धुराचा, डांबराच्या गोळ्यांचा अथवा स्वयंपाकाचा वास लागलेली गोधडी आल्यास ती सावलीत आठवडाभर हवेशीर ठेवून मगच विक्रीस काढावी. ग्राहकाला जपणुकीची सूचनाही लेखी मिळावी: थेट उन्हासमोर लावू नये, धुऊ नये, मऊ ब्रशाने धूळ झाडावी.

उपक्रमाची मुदत आरंभीच ठरवून जाहीर करावी, एक वर्ष म्हणा वा तीन वर्षे. एमी सिम्स यांच्या उपक्रमाने आपले काम आठ वर्षे केले आणि मग ते घोषणापूर्वक थांबविले. स्वयंसेवकांची शक्ती अमर्याद नसते. शेवटच्या तीन महिन्यांत नवी गोधडी स्वीकारू नये, राहिलेल्या साऱ्या एका अंतिम विक्रीत काढाव्यात, आणि त्याउपरही ज्या उरतील त्या शिवणारांची संमती घेऊन वयोवृद्धांच्या दिवसकाळजी केंद्रांना अथवा रुग्णालयाच्या स्मृतिविभागाला भिंतीवर लावण्यासाठी द्याव्यात. अंतिम जमाखर्च, तपासनिसाच्या सहीनिशी आणि संशोधन संस्थेच्या पोचपावतीसह, प्रत्येक शिवणाराकडे व प्रत्येक ग्राहकाकडे पोचविल्यावर मगच नोंदवही बंद करावी.